दोन फळ्यांची पेटी

मे महिन्यात, संध्याकाळी पाच वाजून छप्पन्न मिनिटांनी, नाईक सुखदेव रामटेके गार्डरूममध्ये टेलिफोनवर बोलत असताना नऊ मिलिमीटर पिस्तुलाची गोळी लागून ठार झाले. सत्तरचं दशक होतं. आमचं युनिट तेव्हा नागपूरला, वाडीच्या पुढे होतं. मी आर्मरीत हवालदार होतो.

त्या वर्षी जुन्या .३८ रिव्हॉल्व्हरच्या जागी पिस्तुलं आली. त्या दिवशी सकाळी मी गार्डरूमच्या गार्डला दोन पिस्तुलं इश्यू केली. संध्याकाळी साडेपाचला रेंजवर जवानांना दोन्हींतला फरक दाखवायचा होता. सागाच्या चार फळ्या एकामागे एक उभ्या केल्या. .३८ ची गोळी जड, पण मंद. ती दुसऱ्या फळीत अडकली. नऊ मिलिमीटरची गोळी हलकी, वेग जवळपास दुप्पट. ती चारही फळ्या फोडून मागच्या मातीत शिरली.

"दिसायले बारीक अन् माराले भारी," लान्सनाईक भोयर म्हणाला. "माझ्या सासूसारखी हाय, उस्ताद."

जवान हसले.

"गार्डरूमच्या पेटीले तर दोनच फळ्या हायेत."

यावर कोणी हसलं नाही.

ड्यूटी संपली की पहाऱ्यावरचा संत्री हत्यार रिकामं करी आणि नळी गार्डरूमबाहेरच्या लाकडी पेटीत धरून ट्रिगर दाबी. ते ड्रिलच होतं. राहिलेली गोळी सुटलीच तर ती अडवायला पेटीत भरलेली वाळू कधीच गळून गेली होती. पूर्वी एकदा .३८ ची गोळी चुकून सुटली, ती फळीत राहिली. तेव्हापासून पेटी भरवशाची मानली जाई. पेटीमागे गार्डरूमची पत्र्याची भिंत होती. भिंतीमागे, आत, टेबल.

घड्याळात ५.५२ झाले होते. गार्डबदली सहाला, पण अनलोडिंग थोडं आधी होई. गार्डरूम मैलभर लांब. मी रेंजच्या टेलिफोनकडे पळालो. फोन लावायला फिरवायचं हँडल घामाने हातातून दोनदा सटकलं.

एका शिपायाने फोन घेतला.

"गार्ड कमांडर कुठे आहे?"

"रामटेके साहेब बाहेर झाडाखाली बसून राहिले. बलावू का, हवालदारसाब?"

हुकूम कमांडरलाच द्यायचा, ही शिस्त. मी म्हणालो, "बोलव. लवकर."

पावलं ऐकू आली.

"बोला उस्ताद. काहून एवढा दम लागला?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, टेलिफोन त्या टेबलावरच होता.

"खाली बस. अनलोडिंग थांबव. खाली..."

"काय म्हणता?"

आवाज झाला.

"रामटेके. बोल, रामटेके."



चौकशीत नोंद झाली ती अशी. संत्रीने आधी पिस्तुलाची वरची स्लाइड ओढली, मग गोळ्यांचं मॅगझिन काढलं. क्रम उलटा झाल्याने मॅगझिनमधली एक गोळी नळीत चढून राहिली. रिव्हॉल्व्हर उघडलं की सहाही गोळ्या एकदम बाहेर येत. त्याचा हात त्या सवयीचा होता. गोळी दोन फळ्या आणि पत्रा भेदून गेली.

रामटेके एकतीस वर्षांचे होते. घर हुडकेश्वरला. सामान पोचवायला मी गेलो. मुलगा फोनवर बोलताना गेला, एवढं त्यांच्या आईला कळलं होतं.

"फोन कोनाचा होता, भाऊ?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "माझा."