हनुवटीखालचा राखाडी भाग

त्या फोटोतले डोळे अजूनही माझी पाठ सोडत नाहीत. पेन ड्राइव्ह नुकते आले होते, तेव्हाची गोष्ट. मी सिन्नर पोलीस ठाण्यात नेमणुकीस होतो.

सकाळी महामार्गावर टेम्पोच्या धडकेत एक बाई जागीच गेली. दुपारी ओळख पटली, अंबडच्या एका कामगाराची बायको. ठाण्यात तिच्या वडिलांनी जावयाची कॉलर धरली. "माझी नात कुठंय?" चार महिन्यांची मुलगी बेपत्ता होती. जावई म्हणे, बायको तिला घेऊनच निघाली. घटनास्थळी बाळ नव्हतं. मी जावयाला फैलावर घेतलं. त्याचं रडणं मला नाटकी वाटत होतं.

तेवढ्यात स्टँडजवळच्या स्टुडिओवाल्याचा फोन आला. पावतीवरच्या नावावरून त्याला कळलं होतं, मयत बाईचा फोटो त्याने सकाळीच काढला होता. मी गेलो. त्याने फाइल पेन ड्राइव्हवर टाकली, इतक्यात, मी फोटो बघण्याआधीच, वायरलेसवर बोलावणं आलं.

"साहेब, थांबा, ड्राइव्हचा दिवा लुकलुकतोय अजून."

मी कसला थांबतो! ड्राइव्ह उपटला आणि निघालो.

ठाण्यात फोटो उघडला. कपाळ, कुंकू, डोळे, हनुवटी. त्याखाली सगळं राखाडी; फाइल अर्धवटच उतरली होती. स्टुडिओवाल्याला बोलावलं. कॉम्प्युटरवर जागा अडू नये म्हणून तो फाइल कॉपी न करता कट करूनच द्यायचा, त्यामुळे मूळ फोटो त्याच्याकडे उरला नव्हता. कॅमेऱ्याचं कार्डही पुसलेलं.

"मांडीवर बाळ होतं का?"

"फॉर्मच्या फोटोंचे दिवस साहेब, लय गर्दी. नाय आठवत." मग तो स्क्रीनजवळ वाकला. "पण ही खाली बघतेय. पासपोर्ट फोटोला मी नजर खाली घेऊ देत नाय. बाळासोबतचाच फोटो असणार हा."

मेलेली बाई त्या राखाडीत बघून हसत होती. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू?

म्हणजे बाळ सिन्नरपर्यंत आलं होतं. आम्ही स्टँड पिंजून काढला. पेरू विकणाऱ्या एका म्हातारीच्या मांडीवर ते झोपलेलं सापडलं. "औषध घेऊन येते म्हणली, मावशी जरा धरा. सकाळपासून वाट बघतेय मी."

जावयाची मी हात जोडून माफी मागितली. पुढे नोकरीभर माणसाचं रडणं नाटकी ठरवण्याआधी थांबायला शिकलो. ड्राइव्हचा दिवा विझेपर्यंत तर आजही हात लावत नाही.

काही वर्षांनी तो जावई मुलीला घेऊन भेटायला आला. मायलेकींचा तेवढा एकच फोटो, तो त्याने छापून जपला होता.

"काका, यात मी कुठंय?" तिने विचारलं.

मी राखाडी भागावर बोट ठेवलं. तिची आई तिथंच बघत होती.