दोरी धरणारा माणूस

महापालिकेच्या शाळेतली पाण्याची मोटर जळाली की दर वेळी नवं टेंडर निघत नाही. दोन वर्षांतून एकदा ठेकेदारांकडून सगळ्या कामांचे दर मागवून यादी करतात. मोटर काढणे, इतके. बसवणे, इतके. मग साहेब फोन करतो आणि यादीतल्या ठेकेदाराकडून त्याच दरात काम होतं. यादीत नाही ते काम साहेबालाही सांगता येत नाही. मी पंपवाला, बरीच वर्षं या यादीत आहे.

त्या यादीत एक ओळ होती. जमिनीखालच्या टाकीत माणूस उतरला तर वर दोरी धरायला दुसरा माणूस. ती माझ्या बायकोनं अर्ज करकरून घालायला लावली होती. सुरुवातीला टाकीत मी उतरायचो, वर तीच दोरी धरून उभी.

"बोलत ऱ्हावा," म्हणायची.

"काय बोलू?"

"शिव्या द्या, पन बोला. गप झालात की वढते."

टाकीतली हवा कधी दगा देईल सांगता येत नाही, हे तिला माझ्याआधी कळलं. अर्जही तीच लिहायची. मी सातवी नापास.

ती जाऊन आठ महिने झाले. यंदाच्या नव्या यादीचा मसुदा सुनेनं मोबाइलवर दोनदा वाचला. "ती ओळ काढलीय, बाबा." माझं डोकंच फिरलं. बाई गेली ती गेली, तिची ओळ जाऊ देणार नव्हतो.

दर भरायच्या आधी ठेकेदारांची बैठक असते. तिथं उठून म्हणालो, ओळ परत घाला.

मागून एक जण म्हणाला, "काका, टाकीत उतरायला आता करवली लागती का?" सगळे हसले.

"तू उतरलायस का कधी, भावा? मी उतरलोय."



साहेब म्हणाला, "मोटरच्या दरातच धरा ना तो माणूस."

"धरतो. पण दर पाडायची वेळ आली की ठेकेदार पहिला त्यालाच गाळतो. वेगळी ओळ असली तर बिलापुरता तरी माणूस उभा करावा लागतो."

साहेब म्हणाला, "लेखी द्या."

ती असेपर्यंत सहीपलीकडं मला काही लिहावं लागलं नव्हतं. बाहेरच्या बाकड्यावर बसलो. चार ओळींना तास गेला. वर एक माणूस. हातात दोरी. आतल्याला बोलतं ठेवील. आवाज थांबला की ओढील.

साहेबानं वाचलं. "बोलण्याचं मोजमाप कसं घेऊ, काका?"

"ते राहू द्या. माणूस घाला."

काही दिवसांनी मसुद्याची दुरुस्ती निघाली. टाकीत उतरताना वर मदतनीस, दोरीसह, एक. बोलण्याचं गाळलं होतं. गाळू दे. दर भरताना मी त्या ओळीपासून सुरुवात केली, आणि यादीत पुन्हा आलो.

परवा कासारवाडीच्या शाळेत पहिलं काम निघालं. आता गुडघे साथ देत नाहीत. माझा कामगार उतरला, दोरी मी धरली. गडी अबोल.

"बोलत राहा," म्हणालो.

"काय बोलू, काका?"

"शिव्या दे. पण बोल."