टॉवरच्या दारातला नारळ

मुलुंड पूर्वेला आता आमचा उंच टॉवर उभा आहे ना, तिथे आधी आमची चार मजल्यांची कॉलनी होती, आणि त्याच्याही आधी मिठागर. आम्ही पहिल्यांदा राहायला आलो तेव्हा भिंतींना मीठ फुटायचं. रंग लावा आणि पोपडे गोळा करा, हाच धंदा!

कॉलनीत निम्मी घरं आमच्यासारखी कोकणातली, गिरणीत कामाला असलेली. त्यामुळे काहीही नवं करायचं तर आधी नारळ ठेवून गाऱ्हाणं. बाहेरच्यांना सांगते, ही तक्रार नव्हे हं. आम्ही कोण, कुठल्या जागेत आलो, काय हवं, हे देवाला मोठ्याने सांगायचं, आणि बाकीच्यांनी दर वाक्याला ‘होय म्हाराजा!’ ओरडायचं. एकदा सुरू केलं की अर्ध्यावर सोडायचं नाही. हे काम तळमजल्यावरच्या तात्यांचं. त्यांच्या आवाजाने पलीकडच्या बिल्डिंगमधली झोपलेली बाळं उठायची.

टॉवर होईपर्यंत तात्या कायमचे मालवणला गेले. चाव्या मिळायच्या दिवशी कमिटीवाले म्हणाले, “काकी, रिबन कापू, पेढे वाटू, झालं.”

“झालं कसं? जागेला आपण कोण ते सांगितलंच नाही, तर मला वर झोप कशी लागेल?”

“मग तुम्हीच सांगा.”

मी कधी सांगितलं होतं? आम्ही बायका मागे उभ्या राहून ‘होय म्हाराजा’ म्हणणाऱ्या. शेवटी ठरलं, तात्यांना व्हिडिओ कॉल लावायचा.

गेटसमोर पाटावर नारळ ठेवला. शेजारच्या गुजराती भाभीने फोन उंच धरला. खाडीकाठच्या कोळीवाड्यातली आमची मासेवाली मावशीही पाटी उतरवून उभी राहिली. फोनमध्ये अंगणातले तात्या, डोक्यावर टोपी.

“बा देवा म्हाराजाऽऽ”

“होय म्हाराजा!”

“आज ह्या ठिकाणी तुझी सगळी लेकरा जमली हत…”

आणि तात्या थिजले. तोंड उघडं, हात वर. नेटवर्क गेलं! भाभी फोन हलवते, कमिटीवाले घड्याळ बघतात. एकजण रिबनची कात्री शोधायला लागला. अर्धं गाऱ्हाणं आणि वर गृहप्रवेश?

मावशी मागून ओरडली, “थांबलीस कनाला गो बाय? बोल ना तू!”

आणि मी डोळे मिटून सुरूच झाले. “बा देवा म्हाराजा, आधी हय खाडी होती, खाडीवर कोळ्यांचो मान होतो…”

“होय म्हाराजा!” सगळ्यात मोठा आवाज मावशीचा.

“मगे मिठागर झाला, मगे आमची कॉलनी. तिच्या गळक्या टाकीखाली आमची पोरा मोठी झाली…”

“होय म्हाराजा!”

“आता आमका आभाळात नेवन ठेवतस, तर पाण्याक प्रेशर दी. पार्किंगवरना भांडणा होतली, ती खालच्या खाली मिटव. आणि लिफ्ट कधी बंद पडू देव नको, म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” भाभी इतक्या जोरात ओरडली की फोन हलला, आणि फोनमधून तात्यांचा आवाज आला, “…ह्यो नारळ मान्य करून घे, म्हाराजा!”

अहो, त्यांना पत्ताच नव्हता! तिकडे ते एकटेच पूर्ण गाऱ्हाणं म्हणून मोकळे झाले होते.

“हसतास कित्याक रे?” तात्या खेकसले. “फोडा नारळ!”

नारळ एका फटक्यात फुटला. मावशीने खोबऱ्याचा पहिला तुकडा हक्काने उचलला आणि म्हणाली, “एक नारळ नि दोन गाऱ्हाणी. देवाची आज चंगळ!”

रात्री वरच्या घरात पंख्याखाली अशी डाराडूर झोपले म्हणता! सकाळी उठून दुधाला निघाले, तर लिफ्ट बंद. जिन्यात भाभी भेटली, धापा टाकत.

“मासी,” ती म्हणाली, “तात्यांना परत फोन लावा. लिफ्टचं फक्त तुम्ही सांगितलंत ना, ते त्यांच्या गाऱ्हाण्यात नसणार. देवाने त्यांचंच ऐकलं वाटतं!”