बोंडांचा स्कार्फ

सुशीला गेली तो मंगळवार होता. सकाळी तिनं चहा केला. मी तो पिऊन वाचनालयात गेलो. दुपारी जेवायला घरी आलो तेव्हा ती पलंगावर होती आणि श्वास थांबला होता. तेराव्यानंतर मुलगा म्हणाला, "बाबा, आता इथं एकटं राहायचं नाही." मी कपडे भरले, पुस्तकं भरली, घराला कुलूप लावलं आणि त्याच्या गाडीत बसलो.

गंगापूर ते शहरातला गारखेडा, जिथं मुलगा राहतो, म्हणजे तासाभराचा रस्ता. एवढ्याशा अंतराला गाव सोडणं म्हणायलाही संकोच वाटतो. आमची मुलगी मंजू लग्न होऊन कॅनडात गेली, ते खरं जाणं. पण जुन्या गल्लीतली माणसं भेटली की विचारतात, "करमतं का तिथं?" आणि मी दर वेळी "हो हो" म्हणून विषय बदलतो. हे त्यांच्यासाठी लिहितो आहे. जे मंजूसारखे लांब गेले, त्यांच्यासाठीही.

निघायच्या दिवशी मंजू तिथंच होती. आईच्या दिवसांसाठी आली होती आणि दुसऱ्या दिवशी तिला परत जायचं होतं. मी कुलूप लावत असताना ती अंगणात पायरीशी उभी होती. म्हणाली, "तुम्ही दादाकडं चाललात, बरंच झालं. पण बाबा, आता मी यायचं कुठं?"

मुलगा गाडीत सामान लावत होता. त्यानं ऐकलं की नाही, माहीत नाही. मी ऐकलं आणि कुलूप ओढून पाहिलं. लेक माहेरी येते ती आईकडे. बाप त्या घरात असतो, एवढंच. इतकी वर्षं मंजूचा फोन आला की मी "कशी आहेस?" विचारायचो आणि लगेच "आईला देतो" म्हणायचो. आता द्यायला कुणी नव्हतं. गारखेड्याला आल्यावर दर रविवारी तिचा फोन येई. हवा कशी आहे, जेवलात का, गोळ्या घेता का, एवढं झालं की बोलणं संपायचं. "दिवाळीला येतेस का?" असं मी एकदा विचारलं. "बघू," ती म्हणाली. बापाला हे 'बघू' कळतं.

फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. मुलगा शेंद्र्याच्या कंपनीत जातो, सून वृषाली बँकेत. दिवसभर मी, पुस्तकं आणि खालून येणारा भाजीवाल्याचा स्पीकर. आयुष्यभर वाचनालय सांभाळलं, त्यामुळे शांततेची मला सवय आहे. पण ती शांतता माणसांनी भरलेली असायची. इथली तशी नव्हती.

श्रावणात एकदा पुस्तकांच्या पेटीत सुशीलाचं चष्म्याचं घर सापडलं. आत तिची क्रोशाची सुई होती. मला आठवलं, तिनं मंजूला फोनवर कबूल केलं होतं, "तुमच्याकडं थंडी पडायच्या आधी ऑटमचा एक स्कार्फ करून पाठवते बघ." आमच्या दाराचं तोरण, ट्रेवरचे रुमाल, सगळं तिच्याच हातचं. स्कार्फ मात्र सुरूच झाला नव्हता.

मी वृषालीला विचारलं, "मला क्रोशा शिकवशील?"

तिला वाटलं मी गंमत करतो आहे. मग माझ्या हातातली सुई पाहून ती गंमत वगैरे विसरली. "साखळीपासून सुरू करू," म्हणाली. सुई धरायची कशी, धागा बोटावर घ्यायचा कसा, हे ती ऑफिसातून आल्यावर स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून दाखवायची. मी चुकलो की म्हणायची, "बाबा, गळा आवळताय धाग्याचा. सोडा जरा." साखळी, मुका खांब, खांब, असे एकेक टाके. खांब घालायला लागलो तेव्हा श्रावण संपत आला होता.

लोकर मी गुलमंडीच्या बाजारातून आणली. दुकानदारानं माझ्याकडे पाहून ठरवूनच टाकलं, "आंटी कू बोलो, धोने से रंग नई जाता. कम पड्या तो येच नंबर का लेके जाव." मी बरं म्हणालो. काही ठिकाणी सुशीला अजून आहे आणि तिला तिथून हलवायची घाई मला नाही.

खालच्या बाकावर बसून विणू लागलो तशी करमणूक सुरू झाली. सोसायटीतले निवृत्त लोक येता-जाता थांबायचे. गंगापूरहून आमचे शेजारी दिनकरराव दवाखान्याच्या कामाला आले, ते तर बघतच राहिले.

"काय ओ गुर्जी, ह्ये काय आरंभलंय? सूनबाई जेवायला घालती ना?"

"घालते की."

"मग बायकांचं काम कामून घेतलं हाती? गल्लीत सांगू का नगं?"

"सांगा. आणि आमच्यात हे गड्यांचं काम आहे तेही सांगा."

ते हसले, पण मी खरंच बोललो होतो. माझे वडील, आबा, मेंढरं राखायचे. चालता चालता त्यांच्या हातात टकळी फिरत असायची. काखेत लोकरीचा पुंजका, डोळे कळपावर, आणि बोटांतून काळा धागा आपोआप निघायचा. मी मागून रिकाम्या हातानं चालायचो तर वळून म्हणायचे, "आरं, हात काय झोपलं का तुझं?" पुढं मला शाळेसाठी गंगापुरात ठेवलं आणि माझ्या हातात पुस्तक आलं, ते सुटलं नाही. आबांचा दुसरा एक बोलही बाकावर बसून आठवायचा. वाटेत कुणी विचारलं, "राहता कुठं?" तर आबा बसलेल्या कळपाकडे बोट करायचे, "ह्ये काय, हितं." आठवड्यानं तो 'हितं' दुसऱ्याच गावाच्या रानात असायचा. लहानपणी मला याची लाज वाटायची. पक्क्या घराचा पत्ता मिळाला तेव्हा मी तो वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिला होता.

स्कार्फचा पॅटर्न मी कुणाला विचारला नाही. ऑटम म्हणजे आपला शरद, आणि शरदात गंगापूरच्या रानात काय असतं हे मला विचारायची गरज नव्हती. खाली कपाशीच्या पानाचा गर्द हिरवा. त्यावर फुटलेली बोंडं, पांढऱ्या लोकरीच्या टपोऱ्या गाठी घालून केलेली. मधे तुरीच्या फुलांचे पिवळे ठिपके. टोकांना पाऊस उघडल्यानंतरचं निळं आभाळ. बोंडांनी मला फार छळलं. एका खांबाच्या जागी पाच खांब घालून ते वर एकत्र बांधायचे, तेव्हा कुठं बोंड फुगतं. कितीतरी उसवली.

नवरात्रात एका सुट्टीच्या दुपारी मी तो सोफ्यावर पसरला. वृषालीनं पाहिला आणि ती हसायला लागली. मग एकदम तोंडावर हात ठेवला.

"काय झालं?"

"काही नाही बाबा. फार सुंदर झालाय. पण तिकडचा ऑटम असा नसतो हो."

तिनं मोबाइलवर फोटो दाखवले. मंजूनंच पाठवलेले. रस्ताभर झाडं, विटकरी, नारिंगी, तांबडी, जळती. खाली पानांचा खच. एकही हिरवं पान नाही. आपल्याकडे पानगळ फाल्गुनात होते, ती मला ठाऊक होती. पण दसऱ्याच्या सुमाराला झाडं रिकामी होत असतील, हे कधी मनातच आलं नाही.

"हा ऑटम नाही," वृषाली हळूच म्हणाली, "हे आपलं नवरात्र आहे."

मी सुई काढली आणि धाग्याचं टोक शोधू लागलो. उसवायला फार वेळ लागत नाही. तिनं माझा हात धरला. या घरात आल्यापासून पहिल्यांदाच.

"उसवू नका. आधी ताईंना दाखवू. त्या नको म्हणाल्या तर मी स्वतः उसवते."

रविवारी व्हिडिओ कॉल लागला. मंजूच्या मागच्या खिडकीत तीच तांबडी झाडं दिसत होती. वृषालीनं फोन माझ्यासमोर पाण्याच्या तांब्याला टेकवला आणि ती आत निघून गेली. मी स्कार्फ वर धरला. चुकलं आहे हे आधीच सांगून टाकलं. "तुझ्याकडच्या झाडांसारखा नाही झाला. तुला हवा तर दुसरा करतो."

तिनं विचारलं, "ह्या पांढऱ्या गाठी कशाच्या?"

"बोंडं आहेत."

"फुटलेली?"

"हो. आणि ही तूर."

"हे आईनं केलं होतं?"

"नाही. मी."

"तुम्ही?" ती पुढं वाकली. तिचं कपाळच फक्त दिसू लागलं. "जवळ धरा ना. ते तिसरं बोंड वाकडं झालंय."

"तीनदा उसवलं. आता तसंच राहू दे म्हटलं."

ती हसली. मग डोळे पुसले. मग आम्ही कपाशीवर बोललो, तिथल्या पानगळीवर बोललो, आई टाके मोजताना पुटपुटायची त्यावर बोललो. "आईला देतो" म्हणायची वेळ आली नाही. बोलणं संपेपर्यंत तिच्या खिडकीत चांगलंच उजाडलं होतं आणि इकडे वृषालीनं दिवा लावला होता.

मी म्हणालो, "मग उद्या पोस्टात टाकतो."

"नका पाठवू."

माझा हात खाली आला.

"पाठवू नका, बाबा. मी येते न्यायला. दादाला सांगा, मला तुमच्याच खोलीत गादी टाकायला. वहिनी हो म्हणेल ना?"

आतून वृषाली ओरडली, "गादी कालच उन्हात घातली होती!"

दिवाळीला तिला सुट्टी मिळाली नाही. जानेवारीचं तिकीट निघालं आहे. तोपर्यंत तिकडे बर्फ पडेल आणि तिला ऑटमच्या स्कार्फचा काही उपयोग राहणार नाही. हे मी तिला सांगितलं. "मग पुढच्या वर्षी घालीन," ती म्हणाली.

सुशीला नाही. गंगापूरचं घर बंद आहे. मी गारखेड्यात राहतो, आणि माझी लेक जानेवारीत इथं माहेरी येणार आहे.