उंदरांचा राजा नाल्यापार गेला

१९८६ साल. मी तेव्हा शेहेचाळीस वर्षांचा होतो. शाळा चौथीतच सुटली, पण आसपासच्या गावांत माझ्यासारखा सुतार नव्हता. यावर मी आजही कोणाचं ऐकून घेत नाही.

माझा एक दोस्त होता. तो छातीवर मूठ आपटून म्हणायचा, "लटकं नोको मारू." आमच्या गावच्या दंडारीत, सोंगं घेऊन नाचायच्या खेळात, राक्षस तोच व्हायचा. समोरच्यानं काठी हळू मारली की खेळ सोडून त्याच्यावरच धावायचा. एकदा देवाचं काम करणाऱ्याचा खांदा उखडला, अन् खेळ संपल्यावर स्वतःच तेल घेऊन चोळत बसला. "दुखते का बे? दुखलंच पाहिजे. लोकं कामं टाकून पाहाले आले." घरी मात्र कोंबडी कापायची असली की बायकोला पुढे करायचा. असा एखादा तुम्हीही पाहिला असेल.

गावात मिशनचा दवाखाना होता. तिथल्या बाईंनी नाताळला एक नाच बसवायचं ठरवलं. बोलणं काहीच नाही, सगळी गोष्ट नाचूनच सांगायची. एका पोरीला सणाला लाकडाचा शिपाई भेटतो, त्याच्या जबड्यात अक्रोड फोडायचे. सात तोंडांचा उंदरांचा राजा त्या शिपायावर चालून येतो. पोरगी चप्पल फेकून राजाला पाडते. बाई सांगत, ही गोष्ट जिथली त्या थंड मुलखात खाणीतले लोक हिवाळ्यात असे शिपाई कोरत, राजे कोरत. वर्षभर जो हुकूम चालवतो, त्याच्याच दातांनी कवच फोडून घ्यायचं. शिवाय घरात ठेवला तर पीडा दाराबाहेर राहते म्हणे. मला हे पटलं. मी शिपायाला आमच्यावर हुकूम चालवणाऱ्या जंगल नाकेदाराच्या मिशा दिल्या. अक्रोड कुठून आणणार, जंगलातले बेहडे फोडून पाहिले. बरोबर फुटले.

राजा कोण होणार, हे विचारायचं कामच नव्हतं. सावरीच्या हलक्या लाकडात मी सात तोंडं कोरली अन् मुखवटा त्याच्या डोक्यामागे चामड्याच्या वादीनं बांधला. दंडारीचा कायदा आम्हा दोघांनाही ठाऊक होता. राक्षस मेला, त्याला उचलून आत नेलं, की मगच मुखवटा काढायचा. त्याआधी काय वाट्टेल ते होवो.

त्या साली उंदरांनी कापून रचलेले धानाचे पुंजणे आतून पोखरले होते. वरून सोनं अन् खाली नुसता भुसा. ज्यांचं धान गेलं तेच लोक नाताळच्या दुपारी दवाखान्याच्या अंगणात येऊन बसले. तो मंडपात उतरला अन् शिपाई झालेल्या कंपाउंडरचं नाक पहिल्याच हाणीत फोडलं. मग पोरीनं चप्पल फेकली. तो पडला. तेवढ्यात मागून कोणीतरी आवाज दिला, "उंदीर-घुशी घेऊन जा गे मारबत!"

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते. गावची पीडा त्या पुतळ्याच्या अंगावर घालायची अन् त्याला शिवेपार फेकून यायचं. गेलेली मारबत परत येत नाही. नाचात बोलणं नव्हतं, म्हणून लोकांनी आपल्याला जे ठाऊक होतं तेच समजून घेतलं.

आधी चपला आल्या. मग दगड, मग मंडपाचे बांबू. मी ओरडलो, मुखवटा काढ, नाव सांग. तो उठला अन् मार खात, नाचत, मागे-मागे सरकत राहिला. गल्लीभर तसाच. बनियान लाल झाली, मुखवट्याची दोन तोंडं फुटून लोंबली. बाई आडव्या आल्या तर त्यांनाही ढकललं. मी लाकूड तासायच्या वाकसाच्या दांड्यानं एकाचं मनगट मोडलं. काही उपयोग झाला नाही. त्याला शिवेवरच्या नाल्यापार लोटलं तेव्हाच लोक थांबले, अन् रिवाजाप्रमाणे मागे न पाहता घरी गेले.

तिथे त्यानं मुखवटा काढला. एक डोळा राहिला नव्हता. बाईंनी मोहाच्या झाडाखाली टाके घातले. मी म्हटलं, चाल घरी.

"नाई भाऊ. मी अंदर आलो अन् उंदरं आले, तं लोकं मलेच धरन."

"तू मानूस आहेस बे. मारबत नाई."

"त्याइनं लटकं नाई मारलं," तो म्हणाला. हसायला गेला अन् दात थुंकला.

बायको गठुडं घेऊन आली. दिवस मावळायच्या आत दोघं सिंदेवाहीकडे, तिच्या भावाच्या गावी निघाले. पुन्हा आले नाहीत. काही वर्षांनी तो तिकडेच वारल्याचं कळलं. उंदरं तर पुढच्याच साली आली होती. तेव्हा त्याचं नाव कोणी काढलं नाही.

त्या संध्याकाळी म्हातारे माझ्या दारात आले. मुखवटा तिकडेच जाळ म्हणाले, गावात आणू नको. 

दुसऱ्या दिवशी सकाळी नाल्यापार गेलो. फुटका मुखवटा तोंडावर बांधला. वादी रक्तानं कडक झाली होती. शीव ओलांडून भर गल्लीतून चालत आलो. विहिरीवर बायांचे दोर थांबले. तिथे उभा राहिलो, छातीवर मूठ आपटली.

"मारा," म्हटलं. "लटकं नोका मारू."

कोणी हात उचलला नाही. मग त्याच्या बंद घराच्या दारावर खिळा ठोकला, मुखवटा टांगला अन् तो काढायला कोण येतो ते पाहत, वाकस मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसलो.