डबा वगळून एक किलो

आमच्या घरमालकांनी उभ्या आयुष्यात कुणावरही विश्वास ठेवला नाही, आणि सरतेशेवटी ज्या एका माणसावर ठेवला तो नेमका चोर निघाला. हे मी त्यांची थट्टा करायला सांगत नाही. थट्टा आम्ही त्यांची पुष्कळ केली, तोंडावर केली. पण त्या चोराची आठवण झाली की इतक्या वर्षांनीही माझं डोकं फिरतं, आणि डोकं फिरलं की मला सरळ गोष्ट सांगता येत नाही. म्हणून शेवट आधीच सांगून टाकला. आता निवांत सांगते.

नागपुरात, नंदनवन भागात त्यांचं घर होतं. खाली ते आणि काकू, वरच्या दोन खोल्यांत आम्ही. मी जवळच्याच शाळेत शिकवत असे, म्हणून ते मला 'बाई' म्हणत, मी त्यांना काकाजी. ते वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. शेर-छटाक जाऊन किलो-ग्रॅम आले, तेव्हा इतवारीतल्या दुकानादुकानांतून जुनी वजनं गोळा करणाऱ्यांत ते होते, आणि ग्रॅमवर त्यांचा जीव जडला तो तेव्हापासून. नोकरी संपली पण तपासणी संपली नाही. सदऱ्याच्या खिशात ताणकाटा, पिशवीत घडीची मीटरपट्टी. सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी घेतली तरी ते ती काट्याला टांगून बघत, आणि भाजीवाली कपाळावर हात मारून घेई. आम्ही खोल्या बघायला गेलो त्या दिवशीची गोष्ट. भाडं ठरलं, आगाऊ रक्कम दिली, आणि संध्याकाळी हे गृहस्थ आमच्या जुन्या घरी हजर. म्हणाले, "बाई, मी तुम्हाला मोठी खोली दहा बाय बारा सांगितली होती. आज मोजली तर रुंदी नऊ फूट अकरा इंच भरली. दर महिना एक रुपया कमी द्या." असा घरमालक मी आजवर दुसरा पाहिलेला नाही, आणि मी घरं सहा बदलली आहेत.

माझा मुलगा झाला तेव्हा दवाखान्यात भेटायला आले. सगळे म्हणत होते, नाक आईवर, रंग बापावर. काकाजींनी विचारलं, "वजन?" मी कौतुकानं म्हटलं, "सव्वातीन किलो." तर नर्सकडे वळून म्हणतात, "काट्यावर तपासणीचा शिक्का कोणत्या सालचा आहे?" काकूंनी त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं. जिन्यातून त्यांचा आवाज ऐकू येत होता, "काहून वं? पोराच्याच फायद्याचं विचारून राहिलो ना मी!" काकाजींचं असं होतं. एरवी सरकारी, छापील मराठी बोलत, पण राग आला किंवा जीव कळवळला की ती गळून पडे आणि खालचं खरं बोलणं वर येई.

त्यांच्या या छळातून सुटलेली एकच बाई होती, म्हणजे खरं तर तिचाच सगळ्यांत जास्त छळ होई, पण तिला तो लागत नसे. उमरेडहून महिन्यातून एकदा एस.टी.नं हातमागाची लुगडी घेऊन ती येई. नवरा विणी, ही विके. माग भाड्याचा, आणि निम्मी कमाई त्या भाड्यातच जाई. आल्या आल्या काकाजी पट्टी काढत. नऊ वार म्हणजे आठ मीटर तेवीस सेंटीमीटर. हिचं लुगडं दर वेळी वीतभर जास्त भरायचं. कमी भरलं असतं तर त्यांनी तिला सोडलं नसतंच, पण जास्त भरलं म्हणूनही सोडत नसत. "जास्त देणं हीसुद्धा चूकच!" ती पान जुळवत हसे. "धुतलं का आटते जी ते. मंग बाईच्या अंगाले पुरत नाही." "ते धुतल्यावरचं मला सांगू नको. आज किती आहे ते सांग." असा हा वाद दर महिन्याला, त्याच शब्दांत, चहा होईपर्यंत चाले.

आणि मग तो सल्लागार उगवला. त्याच्या कंपनीचं नाव मी लिहिणार नाही, मेल्याची फुकट जाहिरात कशाला? बर्डीच्या बाजारात दुसऱ्या माळ्यावर कचेरी, अंगात सफारी, तोंडात साखर. तुमचा पैसा कुठे ठेवावा याचा सल्ला आम्ही देतो, आणि हवं तर ठेवायची तसदीही आम्हीच घेतो, असा त्याचा धंदा. वाडीला अमरावती रोडवर आमची गोदामं आहेत, ट्रक आहेत, म्हणून बँकेच्या दुप्पट व्याज, असं म्हणून फोटो दाखवी. आमच्या गल्लीत तो महिनाभर फिरला, कुणी बधलं नाही. कारण सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, "आधी काकाजी काय म्हणतात ते पाहू."

हे त्याला कुणी सांगितलं देव जाणे. एका रविवारी तो पेढ्यांचा डबा घेऊन काकाजींकडे आला. मी तिथेच होते, काकूंकडे विरजण मागायला गेले होते. डबा पुढे ठेवून तो म्हणाला, "काकाजी, एक किलो आहे. पण तुम्ही तोलून घ्या. आणि डबा वगळून तोला, मी दुकानदाराला डब्याचं वजन धरू दिलं नाही."

काय सांगू! काकाजींचा चेहराच बदलला. साऱ्या नोकरीत मिठाईवाल्यांशी त्यांचं हेच एक भांडण होतं. पेढ्याच्या भावानं पुठ्ठा विकतात, म्हणून ते तळमळायचे, आणि लोक म्हणायचे, जाऊ द्या हो, सणाच्या दिवशी काय डब्याचं घेऊन बसलात. जन्मभर एकट्यानं लढलेल्या लढाईत त्यांना पहिल्यांदा साथीदार मिळाला होता. त्यांनी पेढे काट्याला लावले. हजार ग्रॅम, ना एक इकडे, ना एक तिकडे. आठ दिवसांनी त्यांनी निवृत्तीची सगळी पुंजी त्या कचेरीत नेऊन दिली. पंधरा दिवसांत निम्मी गल्ली त्यांच्या मागे गेली. मीही गेले, नवऱ्याला न विचारता. आणि महिन्याची खेप घेऊन आलेल्या उमरेडच्या बाईनं विचारलं, "खरं हाय का जी?" तेव्हा काकाजी म्हणाले, "मी स्वतः तोललं आहे." तिनं स्वतःच्या मागासाठी दहा वर्षं जमवलेले पैसे पुढच्या खेपेला लुगड्यांच्या गाठोड्यातून आणून दिले.

सात महिने व्याज आलं. आठव्या महिन्यात कचेरीला कुलूप लागलं. दाराबाहेर माणसंच माणसं, कुणी रडतंय, कुणी दार बडवतंय. खालचा पानवाला म्हणत होता, गुरुवारी पंखेसुद्धा काढून नेले. मी खाली भर रस्त्यात जी काय शिवीगाळ केली, ती माझ्या वर्गातल्या एका मुलानं ऐकली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या शाळेला कळली. मला त्याची आजही लाज वाटत नाही.

काकाजींनी शिवी दिली नाही. ते म्हणाले, "जागेवर जाऊन तपासणी केली पाहिजे." मग आम्ही पाच जण बस बदलत वाडीला गेलो. फोटोतलं गोदाम सापडलं. तिथल्या मुनीमानं सांगितलं की हे गोदाम भलत्याचंच आहे, तुमचा तो सल्लागार एकदा दारासमोर उभा राहून फोटो काढून घेऊन गेला, एवढाच त्याचा संबंध.  मी मुनीमाशी वाद घालते आहे, एक जण भिंतीला टेकून खाली बसला आहे, आणि काकाजी कुठे? ते गोदामातल्या माल तोलायच्या मोठ्या काट्यावर चढून उभे! "बाई, इकडे या! दर सोमवारी मी वजन करतो. अठ्ठावन्न किलो. हा छप्पन्न दाखवून राहिला! दोन किलोची दांडी मारून राहिले हे लोक!" ट्रकवाले जमले, त्यांचीच मुनीमाशी बाचाबाची सुरू झाली, आणि मुनीमानं आम्हाला रस्त्यापर्यंत पिटाळलं. आमची जन्माची कमाई सापडली नाही, दोन किलो तेवढे सापडले. मी रस्त्यावर उभी राहून हसत होते की रडत होते, मलाच कळेना.

मग कचेऱ्या सुरू झाल्या. अर्ज, अर्जाची नक्कल, नकलेची नक्कल. सल्लागार पकडला गेला आणि चार दिवसांत जामिनावर सुटलाही. "मी फक्त सल्ला दिला," असं म्हणाला म्हणे. फक्त सल्ला! दुसऱ्याच्या ताटातलं जेवून हात पुसत म्हणायचं, मी फक्त वास घेतला! एका साहेबानं आमचे कागद उलटून मागची बारीक अक्षरं वाचून दाखवली : सल्ला मानायचा की नाही ही ग्राहकाची जबाबदारी. काकाजी उठून उभे राहिले.

"साहेब, काटा खोटा निघाला का आम्ही आधी दुकानदाराले धरत होतो, अन् मंग त्या काट्यावर शिक्का कोणाचा हे पाहत होतो. या दुकानावर शिक्का कोणाचा?"

साहेब कंटाळून म्हणाला, "कोणाचाच नाही. असल्या धंद्यांना शिक्का लागत नाही."

"पावभर वांगी तोलायले शिक्का लागते, अन् माणसाची जिंदगी तोलायले लागत नाही?"

साहेबानं पुढच्याला आत बोलावलं. जबाबदार कोण, एवढा एकच प्रश्न आम्ही सहा महिने सहा कचेऱ्यांत विचारला, आणि प्रत्येकानं शेजारच्या टेबलाकडे बोट दाखवलं. एकानं, अहो एकानं तरी म्हणावं, की होय, आमचं लक्ष नव्हतं, आमची चूक झाली!

त्या दिवशी बसथांब्यावर काकाजींनी कागदांची पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाले, "शिक्का होता, बाई. माझा होता."

मी म्हटलं, "काही तरीच काय! मी माझ्या हावेनं गेले. गल्लीतले सगळे आपापल्या हावेनं गेले."

"तुम्ही व्याज विचारलं होतं. तिनं मले फक्त 'खरं हाय का' एवढंच विचारलं होतं."

पैसे बुडाल्याचा निरोप गेल्यापासून उमरेडची बाई आली नव्हती. पुढच्या रविवारी काकाजी निघाले. काकूंचे गुडघे दुखत होते, म्हणून सोबत मी गेले. बाईनं आम्हाला बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं, पण हसली नाही. आतून माग वाजत होता, तोच भाड्याचा. काकाजी बसलेच नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "माझी चूक झाली. मी तोललं म्हणालो, पण तोललं नव्हतं."

बाईचा पदर तोंडावर गेला, आणि मग तिचं सगळं बाहेर आलं. "तुम्ही जी, तुम्ही! माह्या लुगड्यात बोटभर फरक पडला तं तुमाले दिसे. साऱ्या दुनियेले चोर म्हणता, अन् त्या एकालेच काहून नाही पकडलं?"

काकाजींनी हातातली पट्टी घडी करून पिशवीत ठेवली. अगदी हळू आवाजात, शाळेतल्या पोरासारखे ते म्हणाले, "त्यानं डबा वगळून पेढे आणले होते."

 मी खाली मान घातली. माग थांबला होता. मग ती डोळे पुसून म्हणाली, "बसा जी. च्या ठेवतो."

परतीच्या एस.टी.त त्यांनी मला सांगून टाकलं. पुढच्या महिन्यापासून आमचं भाडं त्यांना द्यायचं नाही, उमरेडला मनिऑर्डर करायची. मी म्हटलं, तुमचं कसं भागेल? म्हणाले, पेन्शन आहे. त्या महिन्यापासून घरात दूध अर्धा लिटर कमी झालं. काकू त्यावर एकदाच म्हणाल्या, "साऱ्या नागपूरचे काटे तपासले याईनं, पण सजा मात्र सोतालेच केली."

तिसऱ्या उन्हाळ्यात काकाजी गेले. उमरेडच्या बाईचे पैसे पुरते फिटायला दोन महिन्यांच्या मनिऑर्डरी राहिल्या होत्या, त्या काकूंनी माझ्याकडून करवून घेतल्या. कोर्टातली केस तेव्हाही चालूच होती. तो सल्लागार दुसऱ्या गावात दुसरं काही तरी विकतो, असं कानावर आलं. विकू दे. मी बोलत नाही त्यावर, पुन्हा डोकं फिरेल.

पावसाळा संपताना उमरेडची बाई आली. स्वतःच्या मागावरचं पहिलं लुगडं तिनं काकूंपुढे ठेवलं, पण काकूंनी ते मला दिलं. म्हणाल्या, "आता मी रंगाचं कुठी नेसतो?" काकाजींची मीटरपट्टी कपाटावर तशीच होती. मी सहज मोजून पाहिलं, वीतभर जास्त. दुसऱ्या दिवशी धुतलं, दोरीवर वाळवलं, पुन्हा धुतलं, वाळवलं, आणि मनात काय आलं कोण जाणे, पट्टी घेऊन पुन्हा एकदा मोजलं. आठ मीटर तेवीस. ना एक बोट इकडे, ना एक तिकडे.

"अहो काकाजी!" म्हणून ओरडत, लुगडं तसंच हातात घेऊन, मी धावत अर्धा जिना उतरले होते.