शब्द गिळले कुणी

दयानंद राऊळ पहिल्यांदा मस्कतला आला तेव्हा पखवाज कुडाळजवळच्या गावातच राहिला होता. चौथ्या वर्षी सुट्टीवरून परतताना तो पखवाज गोधडीत गुंडाळून घेऊन आला. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने गोधडी सोडायला लावली. हे काय आहे, हे दयानंदला अरबीत सांगता येईना, म्हणून त्याने तिथेच बाकड्यावर बसून चार मात्रा वाजवून दाखवल्या. मागची रांग हसली, अधिकारीही हसला आणि "यल्ला, यल्ला" म्हणत त्याने पुढे जायला हात हलवला. ही गोष्ट दयानंद पुढे अठरा वर्षं सांगत आला.

रुसैलच्या औद्योगिक वसाहतीत दारं आणि कपाटं बनवणारा एक कारखाना होता, तिथे तो मोठ्या करवतीच्या मशीनवर काम करायचा. फळी पात्याला लागली की नुसत्या आवाजावरून त्याला कळे, धार गेली आहे की लाकडात गाठ आली आहे. कान झाकायची टोपणं कंपनीने सगळ्यांना दिली होती. दयानंदची कायम खिळ्याला टांगलेली असत. "कान झाकून करवत चालवची म्हंजे डोळे बांधून मासो कापण्यासारख्या," तो म्हणायचा. आणि त्याचं काम बघून कोणी त्याला उलट बोलत नसे.

दर गुरुवारी संध्याकाळी मस्कतच्या वादी अदाई भागात पालवकाकांच्या घरी भजन व्हायचं. दहा-बारा माणसं जमायची, सगळी सिंधुदुर्गातली. कोणी ड्रायव्हर, कोणी एसीवाला, कोणी दुकानात कामाला. पेटीवर जितेश बसायचा. तिशीतला, धंद्याने प्लंबर, गळा मोकळा. पखवाजावर अर्थातच दयानंद. भजन संपलं की नयनावहिनी, म्हणजे पालवकाकांची बायको, चहा आणि कांदेपोहे आणायची आणि मग खरा वाद सुरू व्हायचा.

वाद दोन वर्षं एकच होता आणि तो दयानंदनेच उकरून काढलेला.

"संगीत बुडाला, काकानू," तो म्हणायचा. "पयली झांज कशी खणखणायची! आता डबो बडवल्यासारखी वाटता."

"झांज तीच आसा रे," पालवकाका म्हणायचे.

"झांज तीच, पण हात तसले रवले नाय."

मग एकजण म्हणे, सिनेमाने वाट लावली. दुसरा म्हणे, मोबाइलने. पालवकाकांचं मत होतं की ऐकणारेच बिघडले. समोरचा मान डोलवत नसेल तर गाणाऱ्याने कोणासाठी गावं? स्वयंपाकघरातून नयनावहिनी ओरडायची, "शिकवणारे मास्तर खंय रवलेत? पोरांका कोण शिकयतलो?" जितेश या वादात फारसा पडत नसे. बारा तास पाइप बसवून आलेला असायचा, पोहे खायचा आणि हसायचा. पुष्कळदा तो सिनेमातली चाल अभंगाला लावायचा, तेही हसत हसतच.

दोन हजार चौदाच्या उन्हाळ्यातला एक गुरुवार. जितेशने गवळण धरली होती आणि लोक डोलत होते. मध्येच पखवाज थांबला.

"शब्द गिळतंस तू," दयानंद म्हणाला. "काय गातंस ता देवाक पण कळाचा नाय."

जितेशने बोटं पट्ट्यांवरच ठेवली. "खंयचो शब्द गिळलंय, दादानू? सांगा."

दयानंदला सांगता येईना. त्याला खरोखरच ओळीच्या ओळी पुसट लागल्या होत्या, पाण्याखालून कोणी बोलावं तशा. एक शब्द बोटाने दाखवायचा तर कुठला दाखवणार?

"सगळेच," तो म्हणाला. आणि तेवढ्यावर थांबला नाही. "मोबायलात बघून गाणा शिकलंस, ता गळ्यात खंयसून उतारतला? तुझ्यासारख्यांनीच संगीत बुडवल्यानी."

बारा माणसं होती खोलीत. जितेशने पेटीचा भाता मिटला, अडकण लावली आणि पोहे न खाताच तो गेला. पुढच्या गुरुवारी आला नाही. दिवाळीच्या सुमाराला कळलं, तो सूर शहरात दुसऱ्या कंपनीत लागला. मंडळाची पेटी मग पालवकाकाच कशीबशी वाजवू लागले. त्यामुळे संगीत बुडाल्याबद्दल दयानंदची आणखीच खात्री पटली.

फेब्रुवारीत कारखान्यात फोरमन नॉरबर्ट पळत त्याच्या मशीनपाशी आला. नॉरबर्ट वसईचा, दयानंदपेक्षा दोन वर्षांनी लहान, कधी आवाज न चढवणारा माणूस. त्याने हात लांब करून आधी मशीन बंद केलं. फळीच्या कडा काळ्या पडल्या होत्या आणि धूर येत होता.

"दयानंद, पातं किंचाळत होतं! मला तिकडे ऑफिसात ऐकू आलं."

"कधी?"

"आत्ता. पाच मिनिटं झाली."

दयानंदने पात्याकडे बघितलं, मग नॉरबर्टकडे. त्याने काहीच ऐकलं नव्हतं. म्हणजे मशीनची घरघर ऐकली होती, पण किंचाळणं नाही.

नॉरबर्टने त्याच आठवड्यात त्याला तपासणीला पाठवलं. डॉक्टर सकिना मुंबईची होती. तिने त्याला काचेच्या खोलीत बसवलं, कानाला यंत्र लावलं आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. दयानंद मन लावून बसला. बराच वेळ काही येईना तेव्हा त्याला वाटलं, यंत्र बिघडलं असावं. बाहेर आल्यावर तिने कागदावरची रेघ दाखवली. सुरुवातीला सरळ चाललेली रेघ एका जागी कड्यावरून पडावी तशी खाली गेली होती.

"भारी आवाज आपको ठीक सुनाई देते हैं," ती म्हणाली. "ढोल, ट्रक, मशीन. पतले आवाज चले गए हैं. घंटी, सीटी. और बोली में स, श, त, फ. इसलिए लगता होगा कि लोग साफ नहीं बोलते."

"कितने दिन से?"

"ये दिनों का काम नहीं है. सालों का है."

"वापस आयेगा?"

"नहीं. जो बचा है, उसे संभालिए." कानाचं यंत्र मिळेल, बोलणं समजायला मदत होईल, असंही तिने सांगितलं. पण गाणं पहिल्यासारखं ऐकू येईल असं ती म्हणाली नाही, आणि त्यानेही विचारलं नाही.

त्या संध्याकाळी त्याने बायकोला, जयवंतीला, फोन लावला. आधी ती बोललीच नाही, किंवा बोलली असेल. मग तिचा आवाज मोठा झाला.

"दोन वर्सां मी बोंबलतंय फोनार! तुमी आपले नेटवर्क, नेटवर्क. शेजारी इचारतत, घोव ओमानात आसा तर फोन कित्याक, अशीच हाक मार." ती हसायला गेली आणि तिला हसू आलं नाही. "आता काय करूचा?"

"काय करूचा," तो म्हणाला.

कारखान्यात त्याला रंगकामाच्या विभागात हलवलं. तिथे शांत होतं. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्याने नॉरबर्टला विचारलं, "दोष कुणाचा रे, नॉरबर्ट?"

"टोपणं खिळ्याला तूच टांगलीस," नॉरबर्ट म्हणाला. डबा बंद करता करता थांबला. "पण मी रोज बघत होतो. बोललो नाही. तुझा कान मलाही उपयोगाचा होता."

पुढच्या शुक्रवारी दयानंद शेअर टॅक्सीने सूरला गेला. वाटभर काय बोलायचं ते घोकत होता. जितेश त्याला जुन्या पद्धतीची लाकडी गलबतं बांधतात त्या आवाराजवळच्या चहाच्या टपरीत भेटला. आदराने उठला, खुर्ची दिली, चहा सांगितला. दयानंदने घोकलेलं काहीच आठवलं नाही. त्याने खिशातून तो रेघेचा कागद काढून टेबलावर ठेवला आणि जमेल तसं सांगितलं. शब्द तू नाही गिळलेस. माझ्या कानांनी गिळले.

जितेशने कागद उचलून बघितला आणि परत टेबलावर ठेवला.

"दादानू, तुमी बारा माणसांत बोललात," तो म्हणाला. दयानंदला नीट कळावं म्हणून सावकाश, त्याच्या तोंडाकडे बघून. "आता हंय येवन माका एकट्याक सांगून काय उपेग?"

"बारा माणसांत पण सांगतलंय. तू ये. ह्या गुरुवारी ये."

"मी येवचंय नाय."

"अजून राग आसा?"

"राग नाय ओ." जितेशने चहाचा ग्लास फिरवला. "गाणाच जायना. तोंड उघडलंय की पयलो शब्द बरोबर पडलो की नाय ताच बघतंय. त्या नादात सूर खंय जाता कळणाच नाय. आंघोळ करताना सुद्धा गप रवतंय."

दयानंदला वाटलं, एक ओळ तरी म्हण म्हणावं. पण म्हटली असती तरी ती चांगली की वाईट हे सांगायला आता तो उरला नव्हता. दोघांनी चहा संपवला. जितेशने त्याला परतीच्या टॅक्सीत बसवून दिलं आणि टॅक्सी हलेपर्यंत उभा राहिला.

गुरुवारी भजन संपल्यावर पोहे येण्याआधीच दयानंद उभा राहिला. "माका काय तरी सांगूचा आसा," म्हणाला आणि सगळं सांगून टाकलं. मशीन, डॉक्टर, जितेश. जितेशवर आपण अन्याय केला हेही सांगितलं. मोठ्याने बोलत होता बहुतेक, कारण नयनावहिनी पदर सावरत दारात येऊन उभी राहिली. तो खाली बसला.

आणि मग सगळे एकदम बोलू लागले.

सुरुवातीचं त्याला थोडंफार कळलं. कोणी म्हणालं, कारखान्यावर केस टाक. कोणी म्हणालं, केस कसली टाकतोस, नोकरी जाईल. पालवकाका म्हणाले, जितेशनेही एवढं मनाला लावून घ्यायला नको होतं. त्यावर कोणीतरी चिडलं. कोणी म्हणालं, दयानंदाचे कान गेले ते ठीक, पण संगीत बुडालं हेही काही खोटं नाही. मग हात उडायला लागले, तोंडं हलायला लागली, आणि त्यापुढचं त्याच्यापर्यंत पोचेना. नुसता घोगरा गलका. तो एका चेहऱ्याकडे बघे तोवर दुसरा बोलत असे. त्याच्याबद्दलच बोलत होते हे नक्की, कारण अधूनमधून कोणी त्याच्याकडे बोट दाखवी. सगळ्यांना परत परत "काय? काय म्हटलंस?" विचारायची त्याला लाज वाटली. पालवकाकांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून काहीतरी विचारलं. चेहरा मायेचा होता. दयानंदने नुसती होकारार्थी मान हलवली. खोलीतल्या सगळ्यांनाच जरा बरं वाटल्यासारखं दिसलं.

पुढच्या गुरुवारी तो पखवाज घेऊन पोचला तेव्हा त्याच्या जागेवर स्टँडला लावलेलं एक काळं यंत्र होतं आणि बाजूला स्पीकर. एसीवाला अजिंक्य त्याची बटणं दाबून बघत होता. त्यात पखवाजाचे सगळे ठेके भरलेले होते. लय हवी तेवढी वाढवता येत होती, कमी करता येत होती.

"ह्या काय?" त्याने विचारलं.

पालवकाका त्याच्या कानाशी आले. "गेल्या खेपेक इचारलंव मा तुका? म्हटला, तुझ्या कानांका तरास नको, मशीन हाडूया काय? तू हो म्हटलंस."

दयानंदने तोंड उघडलं. सगळी माणसं त्याच्याकडे प्रेमाने बघत होती. कोणाचंच काही चुकलं नव्हतं.

"होय," तो म्हणाला. "म्हटलंय खरा."

त्याने पखवाज भिंतीला टेकवून ठेवला आणि कोरसमध्ये जाऊन बसला. अजिंक्यने बटण दाबलं. ठेका सुरू झाला, एकसारखा, न चुकणारा. दयानंदला त्याची एकूण एक मात्रा स्पष्ट ऐकू येत होती. बाकीचे टाळी धरू लागले तेव्हा त्यानेही धरली.